नकाशावर नकाशा: जगातला एखादा प्रदेश अभ्यासायला कसा घ्यावा

भूगोल नकोसा वाटण्याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत एकच असतं. राजधान्या, पिकं, खनिजं, नद्या हे सगळं पाठ करायचं आणि परीक्षा झाली की विसरायचं. जगातले प्रदेश समजून घ्यायला या पाठांतराचा फारसा उपयोग नाही. जमिनीचा उठाव, वारे, पाऊस, नद्या हा एक थर. वस्ती, शेती, बंदरं, भाषा, सत्ता हा दुसरा थर. दोन्ही एकमेकांवर ठेवायचे आणि ते कुठे जुळतात, कुठे मुळीच जुळत नाहीत ते बघायचं. जुळतात तिथे उत्तर लवकर मिळतं. जुळत नाहीत तिथे खरी मेहनत लागते आणि प्रदेश कळतो तोही तिथेच.

हा लेख अगदी पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पेरू. तुम्ही दुसरा कुठलाही प्रदेश घेतलात तरी क्रम हाच ठेवा.

प्रदेश लहान घ्या, प्रश्नासकट घ्या

‘आफ्रिका अभ्यासायला घेतो’ असं ठरवणारा माणूस थोड्याच दिवसांत थकतो. खंड ही अभ्यासाची सोयीची सीमा नाहीच. त्यापेक्षा नकाशाकडे बघताना खटकणारी एखादी गोष्ट पकडा. इजिप्तचे सुमारे ९५ टक्के लोक देशाच्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर का राहतात? नेदरलँड्सचा पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली असूनही तिथे एवढी दाट वस्ती कशी? पेरूची राजधानी लिमा, सुमारे १ कोटी लोकांचं शहर, जवळपास पाऊसच न पडणाऱ्या वाळवंटात का आहे? असा प्रश्न हाताशी असला की कोणती माहिती गोळा करायची आणि कोणती सोडायची हे आपोआप ठरतं.

सीमा कशी आखायची हा पुढचा मुद्दा. सहाराच्या दक्षिण कडेने जाणाऱ्या साहेलसारखा पट्टा एकाच प्रकारच्या हवामानामुळे प्रदेश ठरतो. एखादं मोठं बंदर आणि त्याचा पृष्ठप्रदेश (ज्या भागाचा माल त्या बंदरातून येतो-जातो तो) हे व्यवहारांमुळे एकत्र बांधलेले असतात. देशाची सीमा राजकारणाने आखलेली असते. सुरुवातीला देश घ्यावा, कारण आकडेवारी देशवार सहज मिळते. मात्र प्राकृतिक थर काढताना सीमा ओलांडायला कचरू नका. पेरूचा पाऊस समजायचा तर अटलांटिक महासागरापर्यंत जावं लागतं.

साधनं

एक चांगला नकाशासंग्रह, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि इंटरनेट एवढ्यावर काम भागतं. उंचसखलपणा आणि उतार बघायला गूगल अर्थ, रस्ते आणि वस्त्या बघायला ओपनस्ट्रीटमॅप, एखाद्या विशिष्ट तारखेचं उपग्रहचित्र हवं असेल तर नासाचं वर्ल्डव्ह्यू. लोकसंख्या आणि अर्थव्यवस्थेचे आकडे जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण पहिल्या प्रदेशासाठी ते उघडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पर्वताची रांग हाताने काढताना ती कुठे वळते, नदी ती कुठे फोडून बाहेर पडते हे डोक्यात बसतं. माउसने थर चालू-बंद करताना ते बसत नाही.

नकाशा हाती घेतला की आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, बघा. मर्केटरचा १५६९ चा नकाशा खलाशांना दिशा धरून जाता यावं म्हणून होता. क्षेत्रफळाची तुलना हा त्याचा हेतूच नव्हता. त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. क्षेत्रांची तुलना करायची असेल तेव्हा समक्षेत्र प्रक्षेपणाचाच नकाशा घ्या.

पहिला थर: जमीन, हवा, पाणी

सुरुवात अक्षांशापासून करा, कारण त्यावरून अपेक्षा बांधता येते. लिमा १२ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे उष्ण कटिबंधात. आता त्याच खंडाच्या दुसऱ्या, अटलांटिक किनाऱ्यावरचं साधारण त्याच अक्षांशाचं शहर शोधा. ब्राझीलमधलं साल्वादोर सापडेल. साल्वादोरला वर्षाला २,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लिमात वर्षभराचा पाऊस मोजायला शाळेतली छोटी पट्टीही जास्त होते. अक्षांश तोच, खंड तोच, आणि फरक एवढा. म्हणजे कारण अक्षांशात नाही, ते दुसरीकडे शोधायला हवं. ‘एकच घटक सारखा ठेवा आणि फरक बघा’ ही युक्ती पुढेही पावलोपावली कामाला येते.

दुसरं काम म्हणजे आडवा छेद काढणं. लिमाच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडे एक सरळ रेषा ओढा आणि तिच्यावरच्या उंच्या नोंदवा. गूगल अर्थमध्ये रेषा आखली की तिचा उंचीचा आलेखही मिळतो. किनाऱ्यावर अरुंद सपाट पट्टी लागते आणि लगेच चढ सुरू होतो. रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेलं की तिक्लिओची खिंड येते, उंची सुमारे ४,८०० मीटर. त्यापलीकडे डोंगररांगा आणि खोल दऱ्या आणि शेवटी ॲमेझॉन खोऱ्याचा सखल जंगलपट्टा. छेद काढताना उभं प्रमाण आडव्यापेक्षा किती पट ताणलं आहे ते कोपऱ्यात लिहायला विसरू नका. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच छेद बघून अँडीज भिंतीसारखा सरळ उभा आहे अशी तुमची समजूत होईल.

या छेदावर आता वाऱ्यांचे बाण काढा. या अक्षांशांत व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात. ते अटलांटिकवरून बाष्प घेतात, ॲमेझॉनच्या जंगलावर आणि अँडीजच्या पूर्व उतारावर पाऊस पाडतात. पश्चिम उतार पर्जन्यछायेत राहतो. पण एवढ्यावर थांबलात तर उत्तर अर्धंच राहतं, कारण पश्चिमेला अख्खा पॅसिफिक महासागर पसरलेला आहे. तिकडून बाष्प का येत नाही?

ते येतं, तरी पाऊस होत नाही. किनाऱ्याला समांतर हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. शिवाय वारे पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्या जागी खोल समुद्रातलं आणखी थंड पाणी वर येतं. या पाण्याला टेकलेली हवा गार आणि जड होते. तिच्या वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. हवा वर चढत नाही, ढग उंच वाढत नाहीत. जून ते सप्टेंबरमध्ये लिमावर दिवसचे दिवस करडं आभाळ असतं, धुकं असतं, कधी ‘गारुआ’ म्हणून ओळखली जाणारी भुरभुर असते, पण पाऊस म्हणावा असा पाऊस नसतो. हवेतली आर्द्रता आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना लिमाचं उदाहरण द्यावं.

हवामान आलेख वाचायची सवय इथेच लावून घ्या. स्तंभ पावसाचे, रेषा तापमानाची. आधी पाऊस कोणत्या महिन्यांत आहे ते बघा. दक्षिण गोलार्धात जानेवारी हा उन्हाळ्यातला महिना असतो, हे मनाशी घोकून ठेवा. मग उभ्या अक्षावरचे आकडे बघा. इंटरनेटवरचे आलेख बरेचदा आपोआप ताणलेले असतात. त्यामुळे लिमाचा आलेखही पहिल्या नजरेत भरगच्च स्तंभांचा दिसू शकतो आणि अक्ष वाचल्यावर कळतं की सगळ्यात उंच स्तंभही काही मिलीमीटरचाच आहे. तापमानाची रेषा मात्र उष्ण कटिबंधाच्या मानाने चक्रावणारी असते: महिन्याची सरासरी साधारण १६ ते २३ अंश सेल्सिअस. पुन्हा तोच थंड समुद्र.

हवामानाच्या वर्गीकरणात फार अडकू नका. व्लादिमीर कोपेन यांनी १८८४ मध्ये सुरुवात केलेली आणि पुढे रुडॉल्फ गायगर यांनी सुधारलेली पद्धत सगळीकडे चालते. तिचे पाच मुख्य गट आणि त्यांतला शुष्क गट कोरडेपणावर व बाकीचे चार मुख्यतः तापमानावर ठरतात, एवढं कळलं तरी पुरे. उपप्रकार गरज पडेल तसे बघा.

आता पाणी. पेरूच्या एकूण गोड्या पाण्यापैकी पॅसिफिककडे वाहणारं पाणी फक्त २ टक्क्यांच्या आसपास आहे, बाकी जवळपास सगळं पूर्वेकडे वाहत ॲमेझॉनला मिळतं. पश्चिमेकडे पन्नासेक आखूड नद्या अँडीजमधलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी घेऊन वाळवंट कापत समुद्राला जातात. उपग्रहचित्रात त्या करड्या पट्टीवर आडव्या हिरव्या रेघांसारख्या दिसतात. पेरूचे निम्म्याहून जास्त लोक याच किनारपट्टीवर राहतात. इथे वहीत लाल खूण करा. पहिली विसंगती सापडली: पाणी पूर्वेला, माणसं पश्चिमेला.

माती आणि वनस्पती यांवर या टप्प्यात एखादं पान पुरे. किनारा, डोंगर, जंगल (कोस्ता, सिएरा, सेल्वा) हे तीन पट्टे पेरूचे लोक स्वतःच मानतात आणि ते छेदावर चपखल बसतात. एकच गैरसमज दूर करायला हवा. घनदाट जंगल म्हणजे सुपीक जमीन असं नसतं. ॲमेझॉनमध्ये पोषणद्रव्यं बहुतांशी झाडांमध्येच साठलेली असतात. मातीतली सततच्या पावसाने धुऊन जातात, म्हणून जंगल तोडून केलेली शेती लवकर नापीक होते.

शेवटी सरासरीवरचा विश्वास थोडा कमी करा. काही वर्षांनी वारे मंदावतात, पेरूच्या किनाऱ्याला गरम पाणी येऊन टेकतं आणि एल निनो सुरू होतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या वाळवंटाला पुरांनी झोडपलं. १९७२-७३ मध्ये अँकोव्ही माशांची पकड कोसळली. ३० वर्षांच्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी सरासरीशेजारी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पावसाची वर्षंही लिहा.

दुसरा थर: माणसं

पहिला प्रश्न कायम ‘कुठे?’ हाच असतो. पेरूची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला २६ च्या आसपास निघते. तेवढी घनता असलेली जागा प्रत्यक्ष पेरूमध्ये शोधायला गेलात तर दमछाक होईल. देशाची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या एकट्या लिमा महानगरात आहे आणि सेल्वा, जो देशाच्या निम्म्याहून मोठा आहे, विरळ आहे. क्षेत्रघनी नकाशा या बाबतीत हमखास फसवतो, कारण तो अख्ख्या प्रांताला एकच छटा देतो. शक्य असेल तेव्हा टिंब पद्धतीचा नकाशा बघा किंवा रात्रीच्या दिव्यांचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा.

दुसरा प्रश्न ‘केव्हापासून?’ लिमाच्या उत्तरेला सुपे नदीच्या खोऱ्यात कराल हे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचं नगर आहे. म्हणजे या वाळवंटात नदीच्या आधाराने माणूस फार जुन्या काळापासून राहतो. पण इंका साम्राज्याची राजधानी कुस्को ३,४०० मीटर उंचीवर, डोंगरात होती. आपल्या डोळ्यांना ‘दुर्गम’ वाटणारा तो भाग त्या काळी सत्तेचं केंद्र होता. तिथे शेती होती, बटाटा होता, लामा होते, पायवाटांचं जाळं होतं. १५३५ मध्ये फ्रान्सिस्को पिसारोने लिमा वसवलं ते समुद्राजवळ, रिमाक नदीच्या काठी. त्याला खंडाच्या आतलं साम्राज्य चालवायचं नव्हतं. चांदी जहाजाने बाहेर न्यायची होती आणि कुमक जहाजानेच यायची होती. शेजारचं कायाओ बंदर त्यासाठी होतं.

आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. राजधानी वाळवंटात का, हे पावसाच्या नकाशावर कितीही वेळ डोळे लावून बसलात तरी कळलं नसतं. छोटी नदी असल्यामुळे शहर शक्य झालं हा प्राकृतिक थर. शहर तिथेच झालं याला वसाहतीचा व्यापार कारण, हा मानवी थर.

मग लिमा एवढं फुगलं केव्हा? १९४० मध्ये तिथे सहा लाखांच्या आसपास लोक होते. विसाव्या शतकात डोंगरातून माणसांचा लोंढा सुरू झाला. जमीन मूठभरांकडे, शाळा आणि रोजगार किनाऱ्यावर, आणि १९८० पासून पुढे दोन दशकं सशस्त्र संघर्षाचा जाच. आलेल्यांनी शहराच्या कडेच्या वाळूवर घरं बांधली. दक्षिणेची व्हिया एल साल्वादोर ही वस्ती १९७१ मध्ये मोकळ्या वाळवंटावर उभी राहिली, आज तिथे लाखो लोक राहतात.

तिसरा प्रश्न ‘पोटासाठी काय करतात?’ इथे प्राकृतिक आणि मानवी भूगोल एकमेकांत किती गुंतलेले असतात ते दाखवणारं पेरूचं एक उदाहरण सविस्तर बघू. थंड पाणी खोलातून वर येताना पोषकद्रव्यं आणतं. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, प्लवकांवर अँकोव्हीचे प्रचंड थवे जगतात, माशांवर समुद्रपक्षी. किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर या पक्ष्यांची विष्ठा हजारो वर्षं साचत गेली. पाऊस नसल्यामुळे ती धुऊन गेली नाही आणि तिच्यातला नायट्रोजन टिकून राहिला. हेच ग्वानो. १८४० च्या दशकापासून युरोपातल्या शेतांना खत हवं होतं आणि पुढची तीसेक वर्षं पेरू सरकारची तिजोरी बहुतांश ग्वानोवर चालली. ते खणायला करारावर आणलेल्या चिनी मजुरांची बेटांवरची अवस्था गुलामांपेक्षा फार वेगळी नव्हती. पावसाचा अभाव, सागरी प्रवाह, इंग्लंडमधलं शेत आणि दक्षिण चीनमधलं बंदर, हे सगळं एकाच साखळीत आलं. तुमच्या प्रदेशात अशी किमान एक साखळी शोधा आणि बाणांनी कागदावर मांडा. आर्थिक कोष्टकांची दहा पानं भरण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आजच्या पेरूसाठी तांबं, माशांची भुकटी, शतावरी आणि ब्लूबेरी यांची नोंद करा. शेवटची दोन पिकं वाळवंटात, पाटाच्या आणि ठिबकच्या पाण्यावर होतात आणि बरीचशी परदेशी जातात. म्हणजे दुर्मीळ पाणी फळांच्या रूपाने निर्यात होतं. हे चांगलं की वाईट हा वाद तिथे जोरात आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू वाचाव्यात.

लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे तळाला लहान वयाचे आणि वर म्हातारे असा स्त्री-पुरुषांचा वयवार आलेख, हे आणखी एक स्वस्त आणि मस्त साधन. नायजरसारख्या देशात तळ रुंद, निम्मे लोक साधारण पंधरा वर्षांच्या आतले. जपानमध्ये तळ निमुळता आणि वरचा भाग जाड. कतारच्या मनोऱ्यात कामाच्या वयातल्या पुरुषांचा मोठा फुगवटा बाजूला आलेला असतो, कारण ते बाहेरून आलेले कामगार आहेत. देशाचा मनोरा बघून झाला की त्यातल्या एखाद्या डोंगराळ प्रांताचा आणि राजधानीचा शेजारी शेजारी ठेवा. प्रांतातून वीस ते चाळीस वयाची माणसं कमी झालेली दिसली की स्थलांतर कळायला वेगळा धडा लागत नाही.

भाषा आणि धर्म यांचे नकाशे थोडे जपून वापरा. केचुआ भाषेचा पट्टा अँडीजच्या उंचीशी छान जुळतो. त्यामुळे ‘डोंगराची भाषा’ असं लिहायचा मोह होतो. पण आज केचुआ बोलणारे कितीतरी लोक लिमात राहतात आणि रंगवलेल्या पट्ट्याच्या नकाशावर ते दिसतच नाहीत.

थरावर थर

आता ट्रेसिंग पेपर एकमेकांवर ठेवा: उठाव, पाऊस, नद्या, वस्ती, रस्ते. जिथे जुळतं तिथे हिरवी खूण, जिथे जुळत नाही तिथे लाल. तिसरा रंग अशा जागांसाठी ठेवा जिथे माणसाने प्राकृतिक थरच बदलला आहे. पेरूत ओल्मोस प्रकल्पात अँडीजच्या पोटातून सुमारे २० किलोमीटरचा बोगदा खणून अटलांटिककडे जाणारं पाणी पॅसिफिककडच्या वाळवंटात वळवलं आहे. २०१४ पासून त्यावर शेती होते. पाणी कुठल्या समुद्राकडे वाहील ते ठरवणारी पाणलोटाची रेषा नकाशावर जिथे आहे तिथेच आहे, पाणी मात्र तिला जुमानत नाही.

इथे एक जुना सापळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर काही वर्षं, भूगोलतज्ज्ञांच्या एका गटाचं म्हणणं होतं की माणसाचा स्वभाव, प्रगती, संस्कृती हे सगळं निसर्गच ठरवतो. हा निसर्गवाद. वसाहती राखणाऱ्यांना तो फार सोयीचा होता, हे वेगळं सांगायला नको. फ्रान्समधल्या पॉल व्हिदाल द ला ब्लाश यांच्या परंपरेने त्याला उत्तर दिलं: निसर्ग पर्याय समोर ठेवतो, निवड माणूस करतो. हा संभववाद. आज नुसता संभववादही पुरत नाही, कारण निवड कोणाला करता येते आणि कोणावर लादली जाते हा प्रश्न उरतोच. कामापुरती कसोटी अशी: तुमच्या टिपणात ‘म्हणून’ हा शब्द जिथे येईल तिथे थांबा आणि तशीच प्राकृतिक स्थिती असलेली दुसरी जागा शोधा. तिथेही तसंच घडलं आहे का?

जोडीचा प्रदेश

पेरूच्या किनाऱ्याला जोडी म्हणून नामिबियाचा किनारा घ्या. आफ्रिकेच्या पश्चिमेला बेंग्वेला हा थंड प्रवाह, धुकं, किनाऱ्यालगत वाळवंट, समुद्रात भरपूर मासे. एवढंच काय, तिथल्या इचाबो बेटावर १८४० च्या दशकात ग्वानोसाठी जहाजांची झुंबड उडाली होती. पण तिथे लिमा नाही. अख्ख्या नामिबियाची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास आहे, क्षेत्रफळ मात्र ८ लाख चौरस किलोमीटरहून जास्त, आणि राजधानी विंडहुक आत पठारावर.

फरक कुठला? दोन्ही आडवे छेद शेजारी ठेवले की दिसतो. नामिबच्या मागे कड्यांची रांग आहे, पण सहा हजार मीटरचा, बर्फ आणि पाऊस साठवणारा अँडीज नाही. बारमाही नद्या फक्त देशाच्या सीमेवर आहेत: दक्षिणेला ऑरेंज, उत्तरेला कुनेने आणि ओकाव्हांगो. मधल्या नद्या पाऊस झाला तर काही दिवस वाहतात. त्यामुळे शेतकरी वस्ती उत्तरेकडे, जिथे थोडाफार पाऊस पडतो तिथे. म्हणजे पेरूच्या बाबतीत ‘थंड प्रवाह म्हणून वाळवंट’ हे विधान टिकलं. ‘वाळवंट म्हणून विरळ वस्ती’ हे मात्र फक्त नामिबियात खरं ठरलं. वाळवंटाच्या मागे काय आहे यावर बरंच अवलंबून असतं, हे एकट्या पेरूचा अभ्यास करून एवढं ठळक कळलं नसतं.

टिपण लिहिताना

एका प्रदेशाचं टिपण दोन-तीन पानांपेक्षा मोठं करू नका. आडवा छेद, दोन ठिकाणांचे हवामान आलेख, वस्तीचा टिंब नकाशा, एक साखळी, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहा. शहराच्या लोकसंख्येचे दोन स्रोतांत दोन आकडे दिसले तर बहुतेक वेळा एक महापालिकेच्या हद्दीचा आणि दुसरा महानगराचा असतो. कोणता घेतला ते नोंदवा, दोन्हींची सरासरी काढू नका. ‘मागास’, ‘आळशी’, ‘मूळचे लढवय्ये’ असली विशेषणं लिहायचा हात झाला तर ते वाक्य खोडून त्या जागी उत्पन्न, जमिनीची मालकी किंवा शाळांचा आकडा शोधा.

टिपण वर्षातून एकदा उघडायला हरकत नाही. पेरूच्या टिपणात अलीकडे भर घालावी लागली ती लिमाच्या उत्तरेच्या चांकाय बंदराची. चिनी गुंतवणुकीचं हे बंदर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि पॅसिफिकपलीकडचं अंतर नकाशावर तेवढंच राहूनही व्यवहारात कमी झालं.

पुढचा प्रदेश निवडताना ज्यात तुमच्या पहिल्या प्रदेशापेक्षा मानवी थर जास्त जड आहे असा घ्या. कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक शेजारी शेजारी आहेत आणि उपग्रहचित्रात काही ठिकाणी सीमेची रेषा झाडोऱ्यावरून ओळखता येते. त्यासाठी पावसाच्या नकाशाबरोबर १८२५ मध्ये फ्रान्सने स्वातंत्र्य मान्य करण्याच्या बदल्यात हैतीवर लादलेली १५ कोटी फ्रँकची भरपाईही वाचावी लागेल. मध्य आशियातलं फरगाना खोरं एकच सपाट, सुपीक खोरं आहे, पण ते उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान या तिघांत वाटलेलं आहे. सोव्हिएत काळात आखलेल्या त्या सीमांच्या एका बाजूला धरणं आहेत आणि दुसऱ्या बाजूला कापसाची शेतं. पहिला ट्रेसिंग पेपर तिथल्या कालव्यांचा काढा.